धुण्याआधीचं धुणं

साडीला फॉल लावायचा असेल तर फॉलची पट्टी आधी पाण्यातून काढायची, वाळवायची, इस्त्री करायची आणि मगच टाके घालायचे, हे मराठी घरांत कुणाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. ब्लाउजच्या अस्तराचंही तेच. कोरं सुती कापड शिंप्याकडे टाकण्याआधी रात्रभर भिजत घालणारी माणसं अजून आहेत. सूत पाण्यात गेलं की आटतं. आटायचंच असेल तर ते शिवण्याआधी आटलेलं बरं, एवढाच त्यामागचा विचार. तयार कपडे आले तेव्हा ही जबाबदारी घराकडून कारखान्याकडे गेली. टी-शर्ट किंवा हूडी घेताना आपण रंग, माप, छापलेलं चित्र, हाताला लागणारा मऊपणा आणि किंमत बघतो. कारखान्याने ती जबाबदारी पार पाडली आहे का, हे मात्र बघत नाही, आणि माझ्या मते रोजच्या कपड्याची प्रत त्यावरच ठरते. आटणं, पिळवटणं, रंग सोडणं, लव सुटणं हे सगळं सुती होजिअरीच्या वाट्याला कधी ना कधी येणारच. चांगल्या टी-शर्टात ते विक्रीआधी बरंचसं होऊन गेलेलं असतं. वाईट टी-शर्टात ते आपल्या बादलीत व्हायचं शिल्लक असतं.

यासाठी कापड कसं बनतं ते थोडं खोलात जाऊन बघायला हवं. शर्टाचं कापड मागावर निघतं. उभा ताणा आणि आडवा बाणा एकमेकांना धरून ठेवतात. इचलकरंजी आणि भिवंडीचे यंत्रमाग हेच काम करतात. टी-शर्टाचं कापड सुयांवर विणलेलं असतं. लोकरीचा स्वेटर विणणाऱ्यांना सुलट आणि उलट टाके माहीत असतात. टी-शर्टाच्या बाहेरच्या बाजूला बारीक नजरेने पाहिलं तर सुलट टाक्यांच्या उभ्या ओळी दिसतात, आतून उलट टाके दिसतात. या विणीला सिंगल जर्सी म्हणतात. तीस इंच व्यासाच्या गोल यंत्रावर इंचाला चोवीस सुया असतील तर एकूण सुया सव्वादोन हजारांहून जास्त होतात, आणि कापड नळीसारखं खाली उतरत जातं. या विणीत धागा कुठेच सरळ ताणलेला नसतो, तो सतत वळणं घेत जातो. त्यामुळे टी-शर्ट अंगाबरोबर ताणला जातो आणि हात वर केला तर काखेत आवळत नाही. पण हीच मोकळीक त्याची कमजोरीही आहे. रंगाईच्या यंत्रात कापड ओलं होऊन लांब दोरासारखं खेचलं जातं, तेव्हा टाके उभट आणि अरुंद होतात. पुढे स्टेंटर नावाच्या लांबलचक यंत्रात दोन्ही काठ धरून ते रुंदीला ताणतात आणि गरम हवेत वाळवतात. कापड त्या ताणलेल्या अवस्थेत थांबतं, पण तिथे स्थिरावत नाही. पुन्हा पाणी लागलं की टाके आपल्या मूळ आकाराकडे परतू लागतात, आणि पहिल्या दोन-तीन धुण्यांत टी-शर्ट आखूड आणि पसरट होतो तो यामुळे.

यावर उपाय फार पूर्वीपासून आहे. मागावरच्या कापडासाठी अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट यांनी १९३० च्या सुमाराला कापड यंत्रातच दाबून आटवण्याची पद्धत आणली. जुन्या गिरणी कापडाच्या जाहिरातींत दिसणारा ‘सॅन्फोराइज्ड’ हा शब्द त्यांच्याच नावावरून आलेला. होजिअरीसाठी त्याच विचाराचं यंत्र असतं, त्याला कॉम्पॅक्टर म्हणतात: कापडाला वाफ द्यायची आणि गरम रुळांमधून काढताना मागून किंचित जास्त वेगाने ढकलायचं, म्हणजे उभट झालेले टाके पुन्हा गोलसर होतात. मग हे यंत्र हाताशी असतानाही कपडे का आटतात? कारण व्यवहारात आहे. होजिअरीचं कापड किलोवर विकलं जातं आणि टी-शर्ट नगावर. एका किलोतून जितकं जास्त क्षेत्रफळ निघेल तितके जास्त नग कापता येतात. चौरस मीटरला २०० ग्रॅम भरणारं कापड लांबीला आणि रुंदीला फक्त पाच-पाच टक्के ताणून वाळवलं तर ते सुमारे १८१ ग्रॅमवर येतं. म्हणजे तितक्याच सुतात जवळजवळ दहा टक्के जास्त कापड मिळालं. ते जास्तीचं कापड खरं नसतं. घरी पहिल्याच धुण्याला ते परत जातं, आणि लांबी बेंबीच्या दिशेने सरकते. कॉम्पॅक्टरमधून नीट काढलेलं कापड निर्मात्याला महाग पडतं ते यंत्राच्या खर्चापेक्षा या क्षेत्रफळामुळे. लेबलवर ‘प्री-श्रंक’, म्हणजे आधीच आटवलेलं, असं लिहिण्याला मात्र काहीच खर्च येत नाही. त्या शब्दापुढे टक्केवारी दिली असेल तरच तो वाचायचा. तीन ते पाच टक्क्यांच्या आतलं आटणं सुती जर्सीसाठी रास्त मानलं जातं. ७० सेंटीमीटर लांबीच्या टी-शर्टात पाच टक्के म्हणजे साडेतीन सेंटीमीटर, आणि तेवढा फरक अंगावर नक्कीच जाणवतो.

आटण्याइतकाच त्रास पिळवटण्याचा. काही टी-शर्टांची काखेपासून खाली येणारी शिवण चार-पाच धुण्यांनंतर फिरून पोटावर येते. अनेकांना वाटतं शिवणकाम वाईट होतं, पण दोष शिवणीच्या बराच आधीचा असतो. सुताला टिकण्यासाठी पीळ द्यावा लागतो, आणि त्या पिळाला उलगडायची ओढ असते. ओलं झालं की ती ओढ प्रत्येक टाक्याला थोडं तिरपं करते. त्यात गोल यंत्रावर एकाच फेरीत अनेक धागे एकापाठोपाठ विणले जातात, त्यामुळे आडव्या ओळी मुळातच चढत्या असतात. चांगला कारखाना पीळ बेताचा ठेवतो, सुताला वाफेने शांत करतो, टाका घट्ट ठेवतो आणि कापड मोकळं वाळवून मगच कापतो. घाईचा कारखाना तिरपं झालेलं कापड ओढून सरळ करतो, इस्त्री मारतो आणि घडी घालतो. दुकानात ही लबाडी ओळखता येते, आणि मला वाटतं हीच एक तपासणी सगळ्यांनी शिकून घ्यावी. टी-शर्ट सपाट पसरायचा, पुढच्या भागावरच्या सुलट टाक्यांची एखादी उभी ओळ नजरेने धरायची आणि ती गळ्यापासून खालच्या दुमडीपर्यंत न्यायची. ती ओळ बाजूच्या शिवणीला समांतर राहिली तर ठीक. शिवण सरळ दिसते पण टाक्यांची ओळ तिला सोडून तिरपी जाते आहे, असं असेल तर पहिल्या धुण्याला टाके आपल्या बाजूला जातील आणि शिवणीला सोबत ओढून नेतील. कपड्याची किंमत कितीही असो, ही गोष्ट इस्त्रीने लपत नाही.

आता सुताकडे. ‘शंभर टक्के कॉटन’ हे शब्द कापसाची प्रत सांगत नाहीत, तो कापूस आहे एवढंच सांगतात. प्रत असते तंतूच्या लांबीत, बळकटीत आणि परिपक्वतेत. मुंबईत माटुंग्याला १९२४ साली सुरू झालेली कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, जी आज सिरकॉट या नावाने ओळखली जाते, शंभर वर्षं हेच मोजत आली आहे. तंतू जितके लांब तितकी सुतातून बाहेर डोकावणारी टोकं कमी, आणि गोळे धरतात ते या टोकांपासूनच. म्हणून चांगल्या सुतासाठी पिंजलेला कापूस पुन्हा विंचरतात. या कोम्बिंगमध्ये आखूड तंतू बाजूला काढले जातात आणि साधारण सात-आठ किलोमागे एखादा किलो माल सुताबाहेर जातो. कोम्ब्ड सूत महाग असतं ते या वजाबाकीमुळे. ओपन एंड पद्धतीने कातलेलं सूत स्वस्त आणि भराभर निघतं, त्याचं कापड हाताला कोरडं लागतं; रिंगवर कातलेलं सूत अधिक बळकट आणि गुळगुळीत असतं. लेबलवरचा ‘३० काउंट’ हा आकडा सुताची जाडी सांगतो: एका पौंडात ८४० यार्डांच्या तीस लडी. हिशेब केला तर किलोभर सुताची लांबी पन्नास किलोमीटरच्या वर जाते, आणि दीडशे ग्रॅमच्या साध्या टी-शर्टात साडेसात किलोमीटर सूत असतं. एवढ्या लांबीत कुठेही बारीक पडलेली जागा म्हणजे उद्याचं भोक. कापड उजेडासमोर धरलं की जाड-बारीक पट्टे लगेच दिसतात. एकसारखी जाळी दिसली तर सूत बरं आहे असं समजायला हरकत नाही.

गडद रंगाच्या टी-शर्टात आणखी एक गोष्ट बघण्यासारखी असते, आणि तिचा धागा थेट विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतापर्यंत जातो. काळ्या किंवा गडद निळ्या कापडावर सुईच्या टोकाएवढे पांढुरके ठिपके दिसतात. त्यातले काही अपरिपक्व, मेलेल्या तंतूंचे असतात. त्यांना रंग धरतच नाही. काही प्लॅस्टिकच्या गोणीचे सुटे दोरे असतात, जे वेचणीपासून जिनिंगपर्यंतच्या प्रवासात रुईत मिसळतात. सुती गोण, स्वच्छ खळं, वेगळी ठेवलेली पहिली वेचणी यांची काळजी शेतकऱ्याने घेतली तरी बाजारात तिचा वेगळा भाव त्याच्या हाती क्वचितच पडतो. कापडावर हे ठिपके दिसले तर कपडा लगेच फाटणार नाही, पण आधीच्या पायऱ्यांवर निवड झालेली नाही हे त्यातून कळतं. ज्याने कापूस निवडला नाही त्याने आटण्याची आणि रंगाची फिकीर केली असेल, ही शक्यता मला कमी वाटते.

रंगाचा मुद्दा तर तिरुप्पूरच्या इतिहासातच लिहिलेला आहे. तमिळनाडूतल्या या शहरातून देशाची निम्म्याहून जास्त होजिअरी निर्यात होते. एकेकाळी गंजीफ्रॉक विणणारं हे गाव पुढे जगाला टी-शर्ट पुरवू लागलं आणि नोय्यल नदी रंगाईच्या पाण्याने काळवंडली. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथली रंगाई केंद्रं बंद करण्याचा आदेश दिला; सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याची व्यवस्था असेल तरच काम, अशी अट आली. या साऱ्याचा आपल्या बादलीशी संबंध आहे. सुती कापड बहुधा रिअॅक्टिव्ह रंगांनी रंगवतात. हे रंग तंतूशी रासायनिक बंध करतात म्हणून पक्के असतात, पण घातलेला सगळा रंग बंध करत नाही. उरलेला रंग तंतूत नुसताच अडकून राहतो आणि तो गरम पाण्यात, साबणाने, पुन्हा पुन्हा धुऊन काढावा लागतो. त्याला पाणी लागतं, इंधन लागतं आणि ते पाणी शुद्ध करण्याचा खर्च लागतो. हे धुणं आखडतं घेतलं की तो रंग आपल्या घरी सुटतो आणि शेजारच्या पांढऱ्या कपड्याला लागतो. ‘पहिल्या धुण्याला रंग जातोच’ असं म्हणण्याची आपल्याला सवय झाली आहे. ती सवय मोडायला हवी. नीट धुतलेला रिअॅक्टिव्ह रंग पहिल्या धुण्यालाही फारसा जात नाही. दुकानात पांढरा रुमाल किंचित ओला करून शिवणीच्या आतल्या बाजूला दहा-बारा वेळा घासला तर उत्तर तिथेच मिळतं. प्रयोगशाळेत ओल्या घर्षणाची चाचणी याच तत्त्वावर होते आणि १ ते ५ अशी श्रेणी दिली जाते. काळा, गडद लाल आणि मोरपंखी निळा यांच्यासाठी थोडी सूट मागितली जाते, ती द्यावी; रुमाल गुलाबी व्हायला लागला तर मात्र कपडा परत ठेवावा.

मऊपणाबद्दल जरा कठोर बोलायला हवं, कारण बहुतेक खरेदी त्यावर होते. दुकानात हाताला लागणारा लोण्यासारखा मऊपणा दोन प्रकारे येतो. एक, सुताच्या बाहेर डोकावणारी लव एन्झाइमने खाऊन टाकली जाते. याला बायो-वॉश म्हणतात. ती लव परत येत नाही, त्यामुळे हा मऊपणा टिकतो, गोळेही कमी धरतात. अति केलं तर तंतूच कमकुवत होतो, पण बेतात केलेली बायो-वॉश ही खरी सुधारणा आहे. दुसरा प्रकार सिलिकॉनच्या लेपाचा. तो साधारण सुतालाही काही आठवड्यांपुरता रेशमी करतो आणि धुण्यागणिक उतरत जातो. फरक ओळखायला पाण्याचा एक थेंब बऱ्याचदा पुरतो: नीट स्वच्छ केलेल्या सुती कापडावर तो चटकन जिरतो, लेपाच्या कापडावर मोत्यासारखा थांबतो. ज्याला घाम टिपायचा आहे त्या कपड्याने पाणी नाकारावं, याहून मोठा दोष नाही.

जीएसएम, म्हणजे चौरस मीटरचं वजन, हा आकडा हल्ली फार चालतो आणि त्याला नको तितकं महत्त्व मिळालं आहे. १४० ते १६० हलका, १८० ते २०० मध्यम, २२० च्या वर जड, एवढं ढोबळ ठीक आहे. पण तेच वजन बारीक सुताच्या घट्ट विणीतूनही मिळतं आणि जाड सुताच्या सैल विणीतूनही, आणि दुसऱ्या प्रकारचा टी-शर्ट जास्त आटतो, जास्त लोंबतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात २४० चा टी-शर्ट घालणं हा देहदंड आहे. तिथे कोम्ब्ड सुताचा १५० चा टी-शर्ट उत्तम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मध्यम मापाचा टी-शर्ट १५० ते १७० ग्रॅम भरला तर कापड १८० च्या आसपासचं आहे असं समजावं. लेबलवर २२० लिहिलेलं असून काटा १५० दाखवत असेल तर बाकी कशाचीच तपासणी करायची गरज उरत नाही.

शिवणीत दोन-तीन जागा बोलक्या असतात. गळ्याची पट्टी सुलट-उलट टाक्यांच्या रिबची हवी आणि तिच्यात थोडं लायक्रा असेल तर चांगलं. ती दोन्ही हातांनी ताणून सोडल्यावर लगेच परतली पाहिजे. मानेच्या मागे, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत शिवण झाकणारी आडवी पट्टी असेल तर खांदे लोंबत नाहीत. खालची दुमड दोन सुयांच्या शिवणीने घातलेली असते. ती ताणल्यावर कट्ट आवाज आला तर धागा तुटला, आणि तो आज ना उद्या तुटणारच होता. शिवणीलगत बारीक छिद्रं दिसत असतील तर बोथट किंवा जाड सुईने तंतू तोडले आहेत. होजिअरीत एक टाका तुटला की वरचे टाके सुटत जातात, म्हणून हे छिद्र आज मोहरीएवढं असलं तरी धुण्यात वाढतं.

हूडीकडे वळलं की आटण्याचा मुद्दा अधिक ठळकपणे दिसतो, कारण या कपड्याचा इतिहासच आटण्याशी दिलेल्या झुंजीचा आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या चॅम्पियन कंपनीने टोपीचा स्वेटशर्ट थंडीत काम करणाऱ्या मजुरांसाठी आणि खेळाडूंसाठी बनवला. जाड सुती कापड धुतलं की लांबीला आटायचं. कंपनीने कापड आडवं फिरवून कापायला सुरुवात केली, म्हणजे आटण्याची दिशा उंचीऐवजी रुंदीत गेली. १९३८ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं आणि १९५२ मध्ये बाजूंना ताणणाऱ्या रिबच्या पट्ट्या जोडून रुंदीतल्या आटण्याचीही सोय केली. हूडीच्या बगलेत दिसणारी ती रिबची पट्टी पुष्कळांना नक्षी वाटते. मुळात ती या प्रश्नाचं उत्तर आहे.

आजच्या हूडीचं कापड दोन जातींचं. एकात आतल्या बाजूला लूप तसेच ठेवलेले असतात, त्याला फ्रेंच टेरी म्हणतात. सोलापूरच्या टॉवेलवर जसे लूप असतात तसेच, फक्त एका बाजूला आणि आखूड. दुसऱ्यात तेच लूप तारांच्या रुळांनी खरवडून त्यांची लोकरीसारखी लव केलेली असते, ते फ्लीस. खरवडल्याने हवा धरली जाते आणि ऊब वाढते, पण तंतू तुटतात हेही खरं. ती लव पहिल्या काही धुण्यांत सुटते, आतल्या कपड्यावर चिकटते, आणि कापडाला आतून टक्कल पडतं. महाराष्ट्रातल्या बहुतेक भागांत थंडी पहाटेपुरती असते आणि दुपारी कपडा खांद्यावर किंवा कमरेला येतो; ऑफिसातल्या एसीचा प्रश्न वर्षभर असतो. त्यासाठी २४० ते २८० जीएसएमची फ्रेंच टेरी पुरते आणि जास्त टिकते. बर्लिन किंवा शिकागोत राहणाऱ्या मराठी मुलामुलींना ३२० च्या वरचं फ्लीस लागेल, पण त्यांनीही हूडी उलटी करून आतल्या बाजूवर गडद रुमाल घासून बघावा. दाट कापडात तीन धागे असतात: बाहेरचा, आतल्या लूपचा आणि दोघांना बांधणारा. बाहेरचा सुती आणि आतला पॉलिस्टर मिसळलेला, ही रचना वाईट नाही. बाहेरून गोळे धरत नाहीत आणि आतून वाळायला मदत होते. ‘६० टक्के सुती’ या शब्दांवरून मात्र कोणता धागा कुठे आहे ते कळत नाही.

हूडीत चेन असेल तर तिच्याकडे नीट बघावं. चेनची कापडी पट्टी पॉलिस्टरची असते, ती आटत नाही. शेजारचं कापड आटलं की चेनला लाटा येतात आणि हूडी छातीवर फुगते. आधीच लाटा दिसत असतील तर पुढे वाढतील. मनगटाची पट्टी दुप्पट ताणून सोडावी, खिशाच्या कोपऱ्यांवर आडव्या दाट टाक्यांची गाठ आहे का बघावं, टोपी दोन पदरी आहे का बघावं. एकपदरी टोपी मानेमागे चिंधीसारखी पडते आणि दुसऱ्या हिवाळ्यात तिची शिवण सुटते.

या सगळ्या तपासण्यांवर पहिला आक्षेप असा येईल की एवढा खटाटोप कशाला, नावाजलेल्या कंपनीचा महाग टी-शर्ट घ्यावा. महाग टी-शर्ट चांगला असण्याची शक्यता जास्त आहे, हे मान्य. एका ठरावीक किमतीखाली कोम्ब्ड सूत, कॉम्पॅक्टर आणि पुरेसं धुणं परवडतच नाही. पण त्या मर्यादेच्या वर गेलेला पैसा कापडात जातोच असं नाही. तो दुकानाच्या भाड्यात, जाहिरातीत आणि नाव छापण्यातही जातो. एकाच शहरातले कारखाने वेगवेगळ्या नावांसाठी शिवतात. नावाचा खरा उपयोग होतो तो प्रत्येक लॉट तपासून नाकारण्याची तयारी असेल तर. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर किंवा पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर मिळणारा निर्यातीतून उरलेला माल याच कारणाने दोन्ही टोकांचा असतो. काही नग केवळ जास्तीचे म्हणून तिथे पोहोचलेले असतात आणि ते फार चांगले असतात. काही तपासणीत नाकारलेले असतात, आणि नाकारण्याचं कारण वर सांगितलेल्या जागांपैकी कुठेतरी सापडतंच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ज्याच्या खिशात अडीचशे रुपये आहेत त्याने काय करायचं? समजा अडीचशेचा टी-शर्ट पंचवीस धुण्यांत गेला तर एका वापराला दहा रुपये पडले, आणि सहाशेचा शंभर धुणी टिकला तर सहा. हे गणित बरोबर असलं तरी सहाशे रुपये आधी हातात असणाऱ्याचं आहे. अडीचशेच्या थरातही निवड असते. छापील चित्राचा पैसा वाचवून कोरा टी-शर्ट घ्यावा, कोम्ब्ड नसला तरी घट्ट विणीचा घ्यावा, फिक्या रंगाचा घ्यावा, टाक्यांची ओळ सरळ असलेला घ्यावा. यातल्या कशालाच जास्तीचा रुपया लागत नाही. वर्षभरात वाढणाऱ्या मुलांसाठी तर टिकाऊपणावर पैसे घालण्यात फार अर्थही नाही.

तिसरा आक्षेप पॉलिस्टरच्या बाजूचा. कोकणातल्या जुलैत सुती टी-शर्ट तीन दिवस वाळत नाही, ही वस्तुस्थिती आहे. प्रमाणित हवेत सुती तंतू वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पावसाळ्यात, व्यायामात, प्रवासात पॉलिस्टर किंवा मिश्र कापड घेणं शहाणपणाचं आहे. पण त्यात घामाचा वास लवकर बसतो, आणि मिश्र कापडावर आलेले गोळे पडून जात नाहीत, कारण मजबूत पॉलिस्टर तंतू त्यांना धरून ठेवतो. म्हणून रोज अंगाला लागणाऱ्या कपड्यासाठी मी सुती कापडाच्या बाजूने आहे.

आणि शेवटी धुण्याच्या पद्धतीचा आक्षेप. ब्रश मारला, दगडावर धोपटलं, कडक उन्हात वाळत टाकलं तर कुठला कपडा टिकेल? बरोबर आहे. टी-शर्ट उलटा करून धुवावा, ब्रश फक्त गळ्याच्या आतल्या बाजूला लावावा, सावलीत आडवा वाळवावा, हूडी तर खांद्यावर चिमटे लावून मुळीच टांगू नये. पण आपल्याकडे कपडे हाताने आणि ब्रशने धुतले जातात हे इथल्या निर्मात्यांना माहीत आहे, आणि इथे विकायच्या कपड्याने ते सोसायला हवं. प्रमाणित चाचण्या यंत्राच्या धुण्यावर बेतलेल्या असतात. त्यात उत्तीर्ण झालेला कपडा आपल्या मोरीत किती टिकतो, हे तपासण्याचा भार पुन्हा घेणाऱ्यावरच येतो.

ऑनलाइन खरेदीत हात लावता येत नाही, म्हणून तिथे वेगळी शिस्त हवी. सुताचा काउंट, कोम्ब्ड की नाही, जीएसएम, आटण्याची टक्केवारी आणि कपड्याचं प्रत्यक्ष माप सेंटीमीटरमध्ये, एवढं लिहिणाऱ्या विक्रेत्याला प्राधान्य द्यावं. ‘प्रीमियम’ आणि ‘सुपर सॉफ्ट’ या शब्दांचा अर्थ शून्य धरावा. मग एकच नग मागवावा. आल्याबरोबर त्याची मागची लांबी, छातीची रुंदी आणि गळ्याची रुंदी टेपने मोजून लिहून ठेवावी. तीनदा नेहमीप्रमाणे धुवावा, पुन्हा मोजावा, आणि खालच्या दुमडीवर बाजूची शिवण किती सरकली ते बघावं. लांबी दोन सेंटीमीटरच्या आत आटली असेल, शिवण बोटभरही फिरली नसेल आणि बादलीतलं पाणी दुसऱ्या वेळी स्वच्छ राहिलं असेल, तर उरलेले तीन-चार त्याच आठवड्यात घ्यावेत, कारण पुढच्या हंगामात तेच नाव आणि तोच रंग असला तरी लॉट बदललेला असू शकतो.